मोतीबिंदूच्या ऑपरेशनसोबत काचबिंदूचा स्टेंट घ्यावा का?

विचारणा थोडक्यात अशी आहे. वडील ६४ वर्षांचे, निफाडजवळ द्राक्षबाग. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. तीन वर्षांपासून रात्री लॅटानोप्रोस्ट आणि दिवसातून दोनदा ब्रिमोनिडीन-टिमोलोलचे थेंब चालू आहेत. थेंबांवर डोळ्यातला दाब (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) उजवीकडे १७-१८, डावीकडे १६. उजव्या डोळ्यात आता मोतीबिंदूही वाढलाय आणि नाशिकच्या डॉक्टरांनी त्याच ऑपरेशनमध्ये स्टेंट, म्हणजे डोळ्यातल्या पाण्याला वाट देणारी सूक्ष्म नळी, बसवून घ्यायला सुचवलंय. घरच्यांना तीन गोष्टी कळत नाहीत: थेंब सुटतील का, पुढचं मोठं ऑपरेशन टळेल का, आणि स्टेंटचा वरचा खर्च करण्यासारखा आहे का.

डोळ्याचा अँगल, म्हणजे आतलं पाणी बाहेर जाण्याचा कोपरा, उघडा असेल, डोळ्याच्या नसेचं नुकसान सौम्य ते मध्यम असेल आणि दाब पंधरा-सोळावर राहिला तरी भागणार असेल, तर सल्ला योग्य आहे. यातली एक जरी गोष्ट बसत नसेल, तर स्टेंट कितीही चांगला असला तरी तो या डोळ्यासाठी नाही. तिन्ही गोष्टी फाइलमध्ये लिहिलेल्या असायला हव्यात. तुम्ही पाठवलेल्या माहितीत त्यातली एकही नाही, म्हणून आधी तिथूनच सुरुवात करतो.

डोळ्याच्या आत दर मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर पाणी तयार होतं. बुबुळाच्या कडेला, कॉर्निया (पुढचा पारदर्शक भाग) आणि आयरिस (रंगीत पडदा) जिथे मिळतात त्या कोपऱ्याला अँगल म्हणतात. तिथल्या जाळीतून, म्हणजे ट्रॅबेक्युलर मेशवर्कमधून, हे पाणी गाळून श्लेमच्या नलिकेत जातं, तिथून पंचवीस-तीस बारीक कलेक्टर वाहिन्यांतून डोळ्यावरच्या शिरांत. उघड्या अँगलच्या काचबिंदूत अडथळ्याचा मोठा वाटा जाळीच्या नलिकेलगतच्या थरात असतो. वडिलांना समजावताना ठिबकचं उदाहरण द्या: फिल्टर गाळाने भरला तर बायपास उघडला की पाणी पुढे जातं, पण पुढच्या लॅटरल नळ्याच चोंदलेल्या असतील तर बायपासचा काही उपयोग नाही. जाळीतला स्टेंट हा असा बायपास आहे. काचबिंदू जितका जुना आणि पुढे गेलेला, तितक्या पुढच्या वाहिन्याही आकसलेल्या असण्याची शक्यता जास्त. म्हणूनच हा स्टेंट आजाराच्या पहिल्या टप्प्यात चांगला चालतो, शेवटच्या टप्प्यात हात देत नाही.

याच रचनेमुळे दाब किती खाली येणार यालाही मर्यादा पडते. पाणी शेवटी ज्या शिरांत जातं त्यांचाच दाब आठ ते दहा असतो, आणि वाटेतला थोडा अडथळा उरतोच. त्यामुळे जाळीतल्या स्टेंटनंतर दाब साधारण पंधरा ते सतराच्या पट्ट्यात स्थिरावतो. ज्याला बारा हवाय त्याला हा मार्ग बारावर नेणार नाही. उलट बाजूने याचा फायदाही आहे. दाब अति उतरून डोळा मऊ पडण्याचा धोका, जो जुन्या ट्रॅबेक्युलेक्टॉमीत (पाण्याला डोळ्याबाहेर नवी वाट काढणाऱ्या मोठ्या ऑपरेशनमध्ये) असतो, तो इथे जवळजवळ नसतो.

आता फाइल उघडा. पहिली गोष्ट शोधा गोनिओस्कोपी. डोळ्यावर आरशाची लेन्स टेकवून, खोलीत अंधार करून, अँगल प्रत्यक्ष पाहण्याची ही तपासणी पाच मिनिटांत होते आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त टाळली जाते. चारही बाजूंचा ग्रेड लिहिलेला असतो, शून्य म्हणजे बंद, चार म्हणजे पूर्ण उघडा. भारतात बंद अँगलचा काचबिंदू भरपूर आहे, आणि गोनिओस्कोपी न करता कित्येकांच्या कागदावर 'ओपन अँगल' असा शिक्का बसलेला असतो. अँगल अरुंद असेल, आयरिस जाळीला चिकटलेली असेल, तर स्टेंट टाकायला जागाच दिसत नाही. जबरदस्तीने टाकला तर आयरिस त्याच्या तोंडावर येऊन बसते. अशा डोळ्यात मुळात लेन्स काढल्यानेच अँगल बराच उघडतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ईगल नावाच्या चाचणीत बंद अँगलच्या काचबिंदूत लेसरपेक्षा लेन्स काढणं सरस ठरलं. म्हणजे तिथे स्टेंटशिवायचा फेकोच (मोतीबिंदूचं नेहमीचं ऑपरेशन) अर्धं काम करून जातो. अँगलचं स्कॅन काढलंय असं सांगितलं तरी गोनिओस्कोपीची जागा ते घेत नाही. जाळीचा रंग, चिकटलेल्या जागा, नवीन वाढलेल्या रक्तवाहिन्या यांसाठी तिथे नजरच लागते.

दुसरी गोष्ट फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या क्षेत्राची तपासणी. रिपोर्टवर 'एमडी' (नजरेच्या क्षेत्रातली सरासरी घट) हा आकडा असतो. उणे सहापर्यंत सौम्य, उणे सहा ते उणे बारा मध्यम, त्यापलीकडे गंभीर. मात्र मोतीबिंदूमुळेही हा आकडा खराब दिसतो, कारण सगळंच धूसर दिसतं. त्यामुळे ओसीटी स्कॅनमधली नसेच्या थराची जाडी आणि डॉक्टरांनी पाहिलेला नसेचा कप (तिच्या मध्यावरचा खळगा) यांच्याशी तो जुळतोय का ते बघावं लागतं. तिसरी गोष्ट म्हणजे टार्गेट प्रेशर, या डोळ्याला किती दाब परवडतो याचा डॉक्टरांचा अंदाज. तो लिहिलेला नसेल तर सरळ विचारा, "साहेब, यांना दाब किती हवा?" उत्तर "पंधरा-सोळा" असेल तर पुढे बोलू. "दहा-बारा" असेल तर स्टेंटची चर्चा तिथेच थांबते आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमीची सुरू होते.

हेही तपासून घ्या: कॉर्नियाची जाडी, कारण पातळ कॉर्नियात मोजलेला दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशींची मोजणी. पेशींचा मुद्दा नुसता कागदी नाही. सायपास नावाचा स्टेंट २०१६ मध्ये अमेरिकेत मान्य झाला होता. तो डोळ्याच्या पांढऱ्या कवचाच्या आतल्या बाजूच्या फटीत बसायचा. पाच वर्षांच्या निरीक्षणात कॉर्नियाच्या पेशी जास्त झडताना दिसल्या आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. जाळीत बसणाऱ्या स्टेंटबाबत तसं आढळलेलं नाही, तरी स्टेंटचं टोक जास्त बाहेर राहिलं तर पेशींना घासू शकतं, म्हणून मूळ आकडा हाताशी हवा.

'स्टेंट' एवढंच कुणी म्हटलं तर कोणता ते विचारा, कारण यात मुख्य दोन वेगळ्या जाती आहेत. पहिली जाळीतली. आयस्टेंट इंजेक्ट टायटॅनियमचा, जेमतेम ०.३६ मिलिमीटर उंच, एका इंजेक्टरमधून दोन टाकतात. हायड्रस हा निटिनॉलचा, ८ मिलिमीटर लांब, श्लेमच्या नलिकेत घड्याळाच्या तीन तासांएवढ्या (पाव वर्तुळाच्या) भागात पसरतो आणि नलिका उघडी धरतो. दुसरी जात कंजंक्टायव्हाखाली, म्हणजे पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाखाली, पाणी काढणारी. झेन हा जिलेटिनचा, ६ मिलिमीटर लांब, आतलं छिद्र ४५ मायक्रॉन, प्रिझर्फ्लो ८.५ मिलिमीटर लांब, छिद्र ७० मायक्रॉन. यात डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पाण्याचा फुगा, म्हणजे ब्लेब, तयार होतो. तो बुजू नये म्हणून मायटोमायसिन हे व्रण धरू न देणारं औषध वापरावं लागतं. झेननंतर साधारण दर तीन-चार जणांतल्या एकाला सुईने चिकटलेला भाग पुन्हा मोकळा करावा लागतो. दाब जास्त उतरतो, पण ब्लेबची काळजी जन्मभर. रामकुंडात किंवा विहिरीत डुबकी मारणाऱ्या माणसाने हा फरक नीट समजून घ्यायला हवा: ब्लेबवाल्या डोळ्यात वर्षांनंतरही जंतुसंसर्ग आत शिरू शकतो, जाळीतल्या स्टेंटमध्ये बाहेर उघडणारी वाटच नसते.

हृदयातल्या स्टेंटसारखं यासाठी रक्त पातळ करणारं औषध घ्यावं लागत नाही. उलट वडील आधीपासून असं औषध घेत असतील तर सांगा, कारण ऑपरेशनमध्ये रक्त उतरण्याचं प्रमाण वाढतं. ते औषध स्वतःहून मात्र बंद करायचं नाही. हृदयाच्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या.

थेंब सुटतील का, याचं उत्तर आकड्यांनी देतो, कारण जाहिरातींत यातला अर्धाच भाग येतो. हायड्रसच्या होरायझन चाचणीत दोन वर्षांनी, औषध बंद ठेवून मोजलेला दाब वीस टक्क्यांहून जास्त उतरलेले लोक ७७ टक्के होते. ऐकायला छान. पण फक्त मोतीबिंदू काढलेल्या गटातही असे लोक ५८ टक्के होते. आयस्टेंट इंजेक्टच्या चाचणीत हेच आकडे ७६ आणि ६२. म्हणजे दाब उतरवण्याचं बरंचसं श्रेय मोतीबिंदूच्या ऑपरेशनचंच आहे; स्टेंट त्यावर दाबात सरासरी दीड ते सव्वादोन मिलिमीटरच्या घटीची भर घालतो. मग स्टेंट कशाला? पाच वर्षांनी हायड्रस घेतलेल्यांत ६६ टक्के लोक थेंबांशिवाय होते, नुसत्या मोतीबिंदूच्या गटात ४६ टक्के. आणि पुढे काचबिंदूचं मोठं ऑपरेशन लागलेले लोक स्टेंटच्या गटात निम्म्याहून कमी होते. या चाचण्यांत घेतलेले सगळे लोक उघड्या अँगलचे, सौम्य-मध्यम आजाराचे होते, हे विसरू नका.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी घरच्यांना सांगेन ते असं: दोन बाटल्यांपैकी एक सुटण्याची चांगली शक्यता, दोन्ही सुटल्या तर बोनस. टिमोलोल सुटलं तर दमा किंवा मंद नाडी असलेल्यांना त्याचा वेगळा फायदा. बागेत पहाटेपासून फवारणीला उभा राहणारा माणूस सकाळचा थेंब किती वेळा चुकवतो हे घरच्यांना माहीत असतंच. चुकलेल्या थेंबांच्या हिशेबात स्टेंटचं पारडं जड होतं, कारण तो रात्रंदिवस सारखा चालतो.

ऑपरेशन असं होतं. थेंबांच्या भुलीत आधी नेहमीचा फेको, कॉर्नियाच्या कानाकडच्या बाजूने सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटरचा छेद, लेन्स बसवली. मग बाहुली आकसवण्याचं औषध आत सोडतात म्हणजे आयरिस अँगलपासून दूर ओढली जाते, आणि कोपरा खोल करायला व्हिस्कोइलास्टिक जेल भरतात. आता पेशंटचं डोकं सर्जनपासून दुसऱ्या बाजूला पस्तीस ते पंचेचाळीस अंश वळवतात आणि मायक्रोस्कोप तेवढाच सर्जनकडे कलवतात. हे दोन कोन जमले नाहीत तर पुढे काहीच जमत नाही. पेशंटची मान आखडलेली असेल तर ते आधीच सांगायचं. कॉर्नियावर गोनिओप्रिझम, म्हणजे अँगल दाखवणारी लेन्स, टेकवला की नाकाकडचा अँगल समोर येतो: खाली पांढरी रेघ स्क्लेरल स्परची, तिच्या वर तपकिरी पट्टा जाळीचा. पट्टा फिका असेल तर डोळ्यातला दाब थोडा सोडतात, मग नलिकेत रक्त मागे येतं आणि जाळीमागे लालसर रेघ उमटते. स्टेंट त्या रेघेवरच जायला हवा. प्रिझमचा दाब कॉर्नियावर जरा जास्त पडला तर सुरकुत्या येऊन सगळं धूसर होतं, म्हणून अनुभवी हात प्रिझम टेकवत नाही, जेलच्या थरावर तरंगत ठेवतो.

आयस्टेंटच्या इंजेक्टरचं टोक जाळीला किंचित खड्डा पडेल इतकंच टेकवून बटण दाबायचं, एवढीच क्रिया. जोर जास्त लावला तर स्टेंट आत गाडला जातो आणि तोंड बुजतं. कमी लावला तर तो लोंबकळत राहतो, कधी सुटून अँगलमध्ये पडतो. दुसरा पहिल्यापासून घड्याळाच्या दोन-तीन तासांएवढा दूर टाकतात म्हणजे वेगवेगळ्या कलेक्टर वाहिन्या मिळतात. नाकाकडच्या खालच्या भागात त्या जास्त असतात. बसवल्यावर स्टेंटच्या तोंडातून थोडं रक्त डोकावलं तर ते चांगलं लक्षण: नलिकेशी वाट जुळली. शेवटी जेल पूर्ण धुऊन काढायची. फेकोवर वाढणारा एकूण वेळ फार नसतो, दहा-पंधरा मिनिटं.

काय बिघडतं? बहुतेक गोष्टी पहिल्या महिन्यातल्या. पुढच्या कप्प्यात थोडं रक्त उतरतं, पहिल्या दिवशी लालसर धुकं दिसतं आणि काही दिवसांत निवळतं. उशीला उशी लावून डोकं तीस अंश वर ठेवून झोपलं की रक्त खाली बसतं. दुसऱ्या दिवशी दाब तिशीत गेलेला दिसला तर बहुधा जेल आत राहिलेली असते. गोळी-थेंबांनी किंवा छेदातून थोडं पाणी सोडून तो उतरवतात. हे पहिल्या दिवसाच्या तपासणीतच कळतं, म्हणून ती चुकवायची नाही.

यापेक्षा फसवा प्रकार तिसऱ्या आठवड्याला येतो. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे स्टिरॉइडचे थेंब देतात, आणि काचबिंदू असलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा दाब स्टिरॉइडने चढतो. डोळा पांढरा शुभ्र, दुखत नाही, नजरही चांगली, म्हणून कुणी तपासायला येत नाही. आतमध्ये मात्र दाब २८. मग "स्टेंट फेल गेला" असं ठरवून लोक डॉक्टर बदलतात, खरं तर सौम्य स्टिरॉइडवर आलं किंवा थेंब लवकर कमी केले की दाब उतरतो. म्हणून वेळापत्रक असं मागून घ्या: दुसरा दिवस, आठवडा, तीन ते चार आठवडे, तीन महिने. तीन-चार आठवड्यांची भेट सगळ्यांत महत्त्वाची. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तेच थेंब पुढे चालू ठेवणं ही याच गोष्टीची घातक आवृत्ती आहे.

काचबिंदूचे जुने थेंब ऑपरेशन केलेल्या डोळ्यात कधी थांबवायचे ते डॉक्टर ठरवतील. डाव्या डोळ्यातले मात्र एक दिवसही थांबवायचे नाहीत. एकाच टेबलावर दोन्ही डोळ्यांच्या बाटल्या ठेवल्या की गोंधळ होतो. उजव्याच्या बाटलीला रंगीत चिकटपट्टी लावा.

वाढत जाणारी दुखी, नजर कमी होत जाणं, लाली वाढणं, उलटी, यातलं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका. आतला जंतुसंसर्ग पहिल्या आठवड्यातच जास्त करून येतो आणि तासांचा हिशेब असतो. निफाडहून नाशिकला यायला तासभर लागतो, तेव्हा रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर डिस्चार्जच्या वेळीच घ्या.

बागायतदारासाठी तारीख ठरवणं हा वेगळा विषय आहे. पावसाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करू नये ही जुनी समजूत आहे, तिला आता आधार नाही. उलट एप्रिलची खरड छाटणी उरकल्यानंतर ऑगस्टपर्यंतचा काळ बऱ्यापैकी सोयीचा. ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनी-भुरीच्या फवारण्या सुरू झाल्या की माणूस घरी थांबत नाही. फवारणी, मांडवाखाली वर बघून काम करणं, ज्यात सालपटं आणि पानांचा चुरा थेट डोळ्यात पडतो, हे किमान चार आठवडे बंद. आठवडाभर डोक्यावरून अंघोळ नाही, वाकून वजन उचलणं नाही, विहीर-नदीत उतरणं महिनाभर नाही. मोटारसायकलवर संरक्षक चष्मा लावूनच.

खर्चाचं. एस्टिमेट एकत्रित घेऊ नका. फेको, लेन्स, स्टेंट आणि ऑपरेशन थिएटर असं वेगळं लिहून मागा. विमा असेल तर कॅशलेसच्या अर्जात स्टेंटचं नाव स्वतंत्र लिहायला सांगा, कारण बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूवर रकमेची मर्यादा असते आणि वरचं सगळं त्यातच मोजून नाकारलं जातं. होकार लेखी घ्या. कर्ज काढून स्टेंट घेण्याच्या मी विरोधात आहे. त्याच ऑपरेशनमध्ये जाळीचा थोडा भाग ब्लेडने किंवा वाकवलेल्या सुईने उघडणं, म्हणजे गोनिओटॉमी, किंवा नलिकेत धागा फिरवून ती पूर्ण उघडणं, म्हणजे गॅट, हे जवळजवळ साहित्याशिवाय होतं. रक्त जास्त उतरतं, पण पैशाअभावी काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरं. आणि दाब थेंबांवर चांगला असेल तर नुसता फेको करून तीन महिन्यांनी पुन्हा पाहणं हाही प्रामाणिक पर्याय आहे. ज्याचा मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, त्याच्यासाठी स्टेंटआधी लेसरचा, म्हणजे एसएलटीचा, विचार करावा. २०१९ च्या लाइट चाचणीत एसएलटीने सुरुवात केलेले चौघांतले जवळपास तीन जण तीन वर्षं थेंबांशिवाय राहिले.

ऑपरेशननंतर स्टेंटचं कार्ड मिळतं, त्यावर नाव आणि क्रमांक असतो. टायटॅनियम आणि निटिनॉलचे हे स्टेंट ठरावीक अटींवर एमआरआयला चालतात. त्यासाठी कार्ड फाइलमध्ये नाही, पाकिटात ठेवा. दोन-तीन महिन्यांनी नवी फील्ड टेस्ट आणि ओसीटी करून घ्या. मोतीबिंदू गेल्यामुळे जुने आकडे तुलनेला निकामी झालेले असतात, आणि यापुढची नवी सुरुवात हीच. थेंब सुटले तरी दर चार-सहा महिन्यांनी दाब मोजायचाच. स्टेंटचं तोंड दोन वर्षांनी आयरिसच्या चिकटण्याने बंद झालेलं असलं तरी पेशंटला काहीच जाणवत नाही.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू नसेल तर आज स्टेंटची घाई नको. त्याचा निर्णय उजव्याचा दाब सहा महिने पाहून घ्यावा. आणि तुमचं वय चाळिशीच्या पुढे असेल तर याच भेटीत तुमची आणि भावंडांचीही तपासणी उरका: दाब, कॉर्नियाची जाडी, नस आणि गोनिओस्कोपी.